वेई मिंग आणि रुआन लिंगयू : शांघाय, १९३५

फेब्रुवारी १९३५ च्या आरंभी, चिनी नववर्षाच्या तोंडावर, शांघायमध्ये ल्येनह्वा चित्रपट कंपनीचा 'शिन न्यूशिंग', म्हणजे 'नवी स्त्री', हा चित्रपट लागला. त्यातील वेई मिंग नावाची लेखिका जीव देण्याचा प्रयत्न करते. ती रुग्णालयात मृत्यूशी झगडत असतानाच शहरातील एक बातमीदार तिच्या आत्महत्येची बातमी छापून मोकळा होतो. ही भूमिका करणारी रुआन लिंगयू ही त्या काळातील चीनची अत्यंत गुणी अभिनेत्री होती. चित्रपट लागून सुमारे पाच आठवडे होतात न होतात तोच, ८ मार्च १९३५ रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला दिनी, तिने स्वतः आत्महत्या केली. तेव्हा तिला पंचविसावे वर्ष चालू होते.

या घटनेच्या आधी आणखी एक मृत्यू आहे. 'नवी स्त्री'ची कथा सुचली ती आय श्या या अभिनेत्री-लेखिकेच्या आत्महत्येवरून, आणि ती घडली होती फेब्रुवारी १९३४ मध्ये. म्हणजे एका अभिनेत्रीचा मृत्यू, त्यावर पुरुषांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला चित्रपट, त्या चित्रपटातील मृत्यू आणि तो साकारणाऱ्या दुसऱ्या अभिनेत्रीचा खरा मृत्यू, अशी ही साखळी आहे. चिनी चित्रपटातील पुरुषी नजरेविषयी बोलताना सहसा रेशमी छिपाव (अंगाबरोबर बसणारा चिनी झगा), चेहऱ्याची समीपदृश्ये, नाचगृहांतील प्रसंग यांची चर्चा होते. माझ्या मते तेवढ्याने विषय हाती लागत नाही. ही नजर कॅमेऱ्यातून निघून वृत्तपत्रात, न्यायालयात आणि शवपेटीपर्यंत कशी जाते, हे या एका प्रकरणात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते. म्हणून ते तपशिलात मांडत आहे.

'नवी स्त्री' हा शब्द आणि ते शहर

१९१८ मध्ये 'नवयुवक' या नियतकालिकाने नॉर्वेचे नाटककार इब्सेन यांच्यावर विशेषांक काढला आणि त्यांच्या नाटकातील, नवऱ्याचे घर सोडून जाणारी नोरा चिनी सुशिक्षितांच्या घराघरांत चर्चेचा विषय झाली. पाचच वर्षांनी, डिसेंबर १९२३ मध्ये, थोर चिनी लेखक लू शुन यांनी पेकिंगच्या महिला विद्यालयातील भाषणात प्रश्न विचारला की नोरा घर सोडून गेल्यावर पुढे तिचे काय होते. त्यांचे उत्तर निष्ठुर वाटावे इतके व्यवहारी होते : हातात पैसा नसेल तर एक तर तिला परत यावे लागेल, नाही तर तिचे अधःपतन होईल. स्वातंत्र्याचा प्रश्न त्यांनी मिळकतीच्या प्रश्नाशी बांधला.

पुढच्या दहा वर्षांत या प्रश्नाची परीक्षा शांघायच्या रस्त्यांवर होत राहिली. परदेशी वसाहती, गिरण्या, बँका, छापखाने, नाचगृहे आणि चित्रपटगृहे असलेल्या या शहरात मुली शिकत होत्या, कारखान्यांत राबत होत्या, शाळांत शिकवत होत्या, कचेऱ्यांत टंकलेखन करत होत्या. कचेरीत नोकरी करणाऱ्या स्त्रीसाठी त्या काळी एक शब्द रूढ झाला होता, 'ह्वाफिंग', म्हणजे फुलदाणी. काम तिचे असले तरी तिला ठेवले आहे ते शोभेसाठी, असा त्याचा अर्थ. अभिनेत्रींच्या बाबतीत तर हा शब्द जवळजवळ व्यवसायाची व्याख्या म्हणूनच वापरला जाई.

चित्रपटसृष्टी आणि वृत्तपत्रे एकमेकांवर पोसलेली होती. १९३३ मध्ये एका वृत्तपत्राने वाचकांच्या मतांवर 'चित्रपटसम्राज्ञी' निवडली. तो मान हू द्ये यांना मिळाला आणि रुआन लिंगयू तिसरी आली. नट्यांची छायाचित्रे छापून अंक खपवायचे आणि त्याच अंकांतून त्यांच्या घरातील भानगडी पुरवायच्या, असा हा धंदा होता. नटीला प्रसिद्धी हवी असे, कारण कंपनीला ती हवी असे, आणि एकदा प्रसिद्धी मिळाली की तिच्या खासगी आयुष्यावर हक्क सांगायला शहर मोकळे होई.

आय श्या : जिची कथा घेतली ती

आय श्या ही मिंगशिंग चित्रपट कंपनीतील अभिनेत्री, पण तिचे वेगळेपण असे की ती लिहीतही असे. १९३३ मध्ये 'एक आधुनिक स्त्री' या चित्रपटाची कथा तिने स्वतः लिहिली आणि त्यात नायिकेची भूमिका केली. चिनी चित्रपटात तेव्हा स्त्रीने पटकथा लिहिणे जवळजवळ दुर्मीळच होते. वृत्तपत्रांनी तिला 'लेखिका-तारका' असे नाव दिले. हे नाव कौतुकाचे वाटते, पण त्यात तिच्या लेखनाला तारकापणाच्या शेजारीच जागा मिळाली. लिखाण वाचले जाई ते तिच्या प्रेमप्रकरणांचा माग काढण्यासाठी. वर्षभराच्या आत तिने जीव दिला.

इथे जे घडले त्याकडे नीट पाहायला हवे. स्वतःच्या पिढीतील स्त्रीविषयी, तिच्या इच्छेविषयी आणि चुकांविषयी एका स्त्रीने लिहिले होते. ती गेल्यावर तिच्या आयुष्याने हेलावलेले दोन पुरुष, दिग्दर्शक त्साय चूशंग आणि पटकथाकार सुन शयी, तिच्याविषयी लिहायला बसले. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. त्साय हे डाव्या विचारांचे, गरिबांविषयी मनापासून कळवळा असलेले दिग्दर्शक होते. त्यांचा कोळ्यांच्या जीवनावरील चित्रपट १९३४ मध्ये शांघायच्या एकाच चित्रपटगृहात सलग ८४ दिवस चालला होता. तरीही आय श्याने स्वतः लिहिलेली आधुनिक स्त्री आणि त्यांनी लिहिलेली 'नवी स्त्री' यांत फरक पडला, आणि तो कोणत्या दिशेने पडला ते महत्त्वाचे आहे.

चित्रपट काय दाखवतो आणि कसा पाहतो

वेई मिंग ही शांघायच्या एका शाळेत संगीत शिकवते आणि कादंबरी लिहिते. प्रेमविवाह केलेल्या नवऱ्याने तिला टाकले आहे. तिची लहान मुलगी मोठ्या बहिणीकडे वाढते आहे. तिच्या हस्तलिखिताविषयी प्रकाशक आधी उदासीन असतो. लेखिका तरुण आणि देखणी आहे हे छायाचित्रावरून कळताच त्याचा विचार बदलतो. या एवढ्याशा प्रसंगात चित्रपटाने पुस्तकाच्या बाजाराचे सारे गुपित सांगून टाकले आहे. स्त्रीने लिहिलेले वाचायचे ते तिचा चेहरा पाहून झाल्यावर.

शाळेच्या संचालक मंडळावरील श्रीमंत डॉ. वांग तिच्यावर डोळा ठेवून असतो. त्याची बायको ही वेई मिंगची जुनी वर्गमैत्रीण आहे. तो हिऱ्याची अंगठी पुढे करतो, ती नाकारते, आणि तिची शाळेतील नोकरी जाते. मुलीला न्यूमोनिया होतो, औषधाला पैसे नसतात, आणि शेवटी ती एका रात्रीपुरते स्वतःला विकायला तयार होते. दारात येणारे गिऱ्हाईक म्हणजे डॉ. वांगच असतो. मुलगी वाचत नाही. मागे लागलेला बातमीदार तिचे चारित्र्य चव्हाट्यावर मांडतो आणि ती जीव द्यायला निघते. रुग्णशय्येवर मात्र, बातमी छापून आल्यावर, ती ओरडते : 'मला जगायचे आहे!' अखेरच्या दृश्यात गिरणीतील बायका पहाटे कामाला निघालेल्या असतात आणि त्या बातमीचे वर्तमानपत्र त्यांच्या पायांखाली तुडवले जाते.

चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये हॉलिवूडच्या चित्रपटांविषयी जो सिद्धांत मांडला, त्यात कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पडद्यावरील पुरुष पात्राची अशा तीन नजरा एकत्र येऊन स्त्रीला पाहण्याची वस्तू करतात, असे म्हटले आहे. 'नवी स्त्री' हा त्या लेखाच्या चाळीस वर्षे आधीचा चित्रपट आहे आणि त्याला यातील पुष्कळ काही ठाऊक होते, असे त्यातील दोन प्रसंगांवरून वाटते. नाचगृहात वेई मिंग डॉ. वांगसोबत बसली असताना मंचावर एक नर्तकी कैद्याच्या वेशात, साखळदंडांत नाचते, आणि पाहता पाहता वेई मिंगला त्या जागी स्वतःच दिसते. दुसऱ्या प्रसंगात मोटारीत बसलेली असताना गाडीची काच हाच जणू पडदा होतो आणि तीवर तिला आपला भूतकाळ दिसू लागतो. दोन्ही ठिकाणी पाहणारी स्त्री आहे. शेजारचा पुरुष तिला पाहतो आहे, पण प्रेक्षकाला तिच्या डोळ्यांनी पाहायला लावले जाते, आणि मंचावरील मनोरंजन अचानक असह्य होते. त्या काळातील इतक्या थोड्या साधनांत हे साधले आहे, याचे श्रेय दिग्दर्शकाला मोकळेपणाने द्यायला हवे.

आता दुसरी बाजू. लेखिका म्हणून वेई मिंगला जी सहानुभूती मिळायला हवी होती ती चित्रपट तिला आई म्हणून मिळवून देतो. तिची कादंबरी कशाविषयी आहे, ती कसे लिहिते, लिहिताना तिला काय सापडते, यांत कॅमेऱ्याला रस नाही. मुलीच्या उशाशी बसलेली, अश्रूंनी भिजलेली वेई मिंग मात्र तो पुन्हा पुन्हा, जवळून, आस्थेने पाहतो. मातृत्वाने पावन झाल्याशिवाय स्वतंत्र स्त्री प्रेक्षकाच्या गळी उतरणार नाही, हा हिशेब त्यामागे दिसतो. त्याच कंपनीच्या 'शेननू' (१९३४) या वू योंगगांग यांच्या अप्रतिम चित्रपटातही रुआनने मुलाच्या शिक्षणासाठी देहविक्रय करणारी आई साकारली होती. 'शेननू' या शब्दाचे देवी आणि वेश्या असे दोन्ही अर्थ होतात. त्या चित्रपटातील शाळेच्या स्नेहसंमेलनात इतर आया एकमेकींच्या कानाला लागतात आणि कुजबूज रांगेतून पुढे सरकत जाते. रुआन समोर मंचावरील मुलाकडे पाहून हसत राहते. लोकांच्या बोलण्याने माणूस कसा वेढला जातो हे तिने वर्षभर आधी पडद्यावर दाखवले होते.

वेई मिंगच्या समोर चित्रपटाने उभी केली आहे ती आ-यिंग, गिरणी कामगार आणि रात्रशाळेतील शिक्षिका. ती धिप्पाड आहे, निर्भय आहे, डॉ. वांगला प्रत्यक्ष हाणते. खरी नवी स्त्री ही, असे चित्रपटाचे म्हणणे आहे. न्ये अर यांनी संगीत दिलेले गीतही कामकरी बायकांच्या तोंडी आहे. मला आ-यिंग आवडते, पण तिच्याविषयी मनात एक खंत राहते : तिला ना कोणी पाहते, ना तिला काही हवेसे वाटते. पुरुषी नजरेतून सुटायचे तर स्त्रीने देहच बाजूला ठेवला पाहिजे, असे हे उत्तर आहे. पाहणाऱ्याने बदलावे, हा पर्याय चित्रपटात कुठेच येत नाही.

पत्रकारांचा रोष

चित्रपटातील बातमीदार शांघायच्या पत्रकारांना झोंबला. पत्रकार संघटनेने ल्येनह्वाकडे मागणी केली की पत्रकारांचा अवमान करणारी दृश्ये कापावीत, जाहीर माफी मागावी आणि पुन्हा असे होणार नाही याची हमी द्यावी. वृत्तपत्रांतील जाहिराती आणि परीक्षणे यांवर जगणाऱ्या कंपनीने माफी मागितली आणि दृश्येही कापली.

वाद इथे मिटायला हवा होता. पटकथा सुन शयी यांची होती, दिग्दर्शन त्साय यांचे, निर्णय कंपनीचा. रुआनने त्यातील एक ओळही लिहिली नव्हती. पण संपादकांच्या हाती लागण्याजोगे खासगी आयुष्य फक्त तिचेच होते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत ते न्यायालयाच्या पायरीवर येऊन ठेपले होते. पडद्यावर वेई मिंगच्या मागे लागलेल्या बातमीदाराचा बचाव करणारी वृत्तपत्रे आता रुआनच्या मागे लागली. चित्रपटाने त्यांच्यावर केलेला आरोप त्यांनी स्वतःच्या वागण्याने खरा करून दाखवला.

खटला, आणि त्यामागचा कायदा

रुआनचे वडील ती लहान असतानाच वारले. आई शांघायमधील जांग या सधन कुटुंबात मोलकरीण होती. त्या घरातील धाकटा मुलगा जांग दामिन याच्याशी रुआनचे संबंध जुळले आणि सोळाव्या वर्षी ती त्याच्यासोबत राहू लागली. त्याच वर्षी, १९२६ मध्ये, ती चित्रपटात आली. घरच्यांना ही सून मान्य नव्हती आणि विधिवत लग्न कधी झाले नाही. पुढे तो जुगारात बुडाला आणि तिच्या मिळकतीवर जगू लागला. दोघांनी मिळून शिआवयू या मुलीला दत्तक घेतले होते. १९३३ मध्ये रुआन चहाचा व्यापारी थांग जीशान याच्यासोबत राहू लागली. तेव्हा वकिलामार्फत करार झाला : दोघांचा संबंध संपला आणि रुआनने जांगला दोन वर्षे, महिन्याला जास्तीत जास्त १०० युआन द्यायचे. आपण सोडलेल्या पुरुषाला पोटगी देणारी ही स्त्री होती. लू शुन यांच्या प्रश्नातील मिळकतीची अट तिने पुरी केली होती. तरीही तिची सुटका झाली नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण त्या प्रश्नाच्या पुढचे आहे.

कराराची मुदत संपत येताना जांगने थांग आणि रुआन यांच्यावर फौजदारी फिर्याद केली. तिच्यात मालमत्ता बळकावल्याचा आरोप होता आणि व्यभिचाराचाही. ९ मार्च १९३५ ही न्यायालयात हजर राहण्याची तारीख होती. आदल्या दिवशी ती गेली.

या फिर्यादीतील व्यभिचाराच्या आरोपाकडे चित्रपटाच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते, असे मला वाटते. १९३१ पासून लागू असलेल्या दिवाणी कायद्यानुसार विवाहाला जाहीर समारंभ आणि किमान दोन साक्षीदार आवश्यक होते. या दोघांच्या बाबतीत तसे काही झाले नव्हते. म्हणजे कायद्याने ती त्याची पत्नी ठरणे अवघड होते. पण फिर्यादीचा हेतू शिक्षा मिळवण्यापेक्षा वृत्तपत्रांत दिवसेंदिवस छापून येईल असा मजकूर पुरवण्याचा असेल, तर खटला जिंकण्याची गरजच नव्हती. १९२८ च्या दंडविधानात व्यभिचाराचा गुन्हा फक्त विवाहित स्त्रीचा होता, नवऱ्याला ते कलम लागत नव्हते. १९३४ च्या अखेरीस स्त्रियांच्या संघटनांनी याविरुद्ध जोरदार चळवळ केली, कलम बदलले आणि पती-पत्नी दोघांना एकच नियम झाला. हे नवे दंडविधान १ जुलै १९३५ रोजी अमलात आले. फिर्यादी सहज बोट दाखवू शकला ते ज्या कायद्याच्या भाषेत, ती भाषाच स्त्रीकडे संशयाने आणि पुरुषाकडे निर्धास्तपणे पाहणारी होती.

थांगचे वर्तनही इथे सोडून देता येत नाही. रुआनच्या आधी त्याने जांग जीयुन या १९२० च्या दशकातील ख्यातनाम अभिनेत्रीसोबत संसार मांडला होता आणि तो मोडलाही होता. प्रसिद्ध नटी आपल्या बाजूला असणे ही त्याच्या दृष्टीने प्रतिष्ठेची बाब असावी, असे त्या क्रमावरून दिसते.

शेवटचे शब्द कोणाच्या हातून आले

मृत्यूनंतर रुआनच्या म्हणून ज्या चिठ्ठ्या थांगमार्फत वृत्तपत्रांत आल्या, त्यांतील चार अक्षरे चीनमध्ये आजही सर्वांना पाठ आहेत : 'रन यान ख वेई', म्हणजे लोकांचे बोलणे भयंकर असते. त्याच वर्षी एका लहान वृत्तपत्रात वेगळाच मजकूर प्रसिद्ध झाला. त्यात थांगने केलेल्या मारहाणीचा उल्लेख होता आणि दोन्ही पुरुषांना दोष दिलेला होता. कोणता मजकूर तिचा, यावर तेव्हापासून वाद आहे. पण वादाचा निकाल काही लागो, मुक्या चित्रपटांत आपल्या चेहऱ्याने सारे बोलून दाखवणाऱ्या या स्त्रीचे अखेरचे शब्द एका पुरुषाच्या हातून आणि वृत्तपत्रांच्या छापखान्यातून जगासमोर आले, ही गोष्ट तशीच राहते. ज्यांच्यामुळे ती गेली असे म्हटले जात होते त्यांनीच तिची चिठ्ठी छापून अंक खपवले.

शवदर्शनाला आणि अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली. शवपेटीतील तिची छायाचित्रे घेतली गेली आणि छापली गेली. जिवंतपणी तिच्या चेहऱ्याचे जे समीपदृश्य पाहायला लोक तिकीट काढत होते, तेच मृत्यूनंतर त्यांना विनामूल्य मिळाले. त्या गर्दीत अनेकांचे, विशेषतः बायकांचे, दुःख अस्सल होते. तिने साकारलेल्या आया आणि बहिणी त्यांना आपल्या वाटल्या होत्या. पण ते दुःखसुद्धा पाहूनच व्यक्त होत होते.

याच महिन्यांत तिने 'ग्वोफंग' हा चित्रपटही पुरा केला होता. १९३४ मध्ये राष्ट्रवादी सरकारचे नेते च्यांग काय-शेक यांनी सुरू केलेल्या, साधे आणि शिस्तीचे जीवन शिकवणाऱ्या नवजीवन चळवळीचा तो प्रचार करतो. साधी राहणारी, त्यागी बहीण रुआनने केली आहे, आणि नटणारी, चैन करणारी दुसरी बहीण ली लीली यांनी. डाव्यांच्या चित्रपटात ती बळी, सरकारला जवळ असलेल्या चित्रपटात ती आदर्श. दोन्ही पक्षांना आपला उपदेश सांगायला तिचाच चेहरा हवा होता, आणि ती स्वतः काय मानत होती हे विचारण्याची गरज दोघांनाही वाटली नाही.

लू शुन यांचे निदान

मे १९३५ मध्ये लू शुन यांनी टोपणनावाने या विषयावर एक लेख लिहिला. वृत्तपत्रांनी असा बचाव केला होता की आमच्यात आता एवढी ताकद कुठे उरली आहे. लू शुन यांचे उत्तर मला या प्रकरणातील सर्वांत नेमके वाटते : बलिष्ठांपुढे वृत्तपत्रे दुबळी असतात हे खरे, पण आपल्याहून दुबळ्याच्या बाबतीत ती चांगलीच बलवान असतात, आणि रुआन लिंगयूजवळ नाव होते पण बळ नव्हते, म्हणून ती आयते सावज ठरली.

भाषेविषयी त्यांनी जे टिपले ते चित्रपटाच्या अभ्यासकाने जपून ठेवावे असे आहे. बातमीत पुरुष आला तर त्याचे वर्णन सहसा नसते. स्त्री आली की शब्दांची आरास सुरू होते : ती वय झालेली असेल तर 'अजून लावण्य टिकून आहे', आणि लहान असेल तर 'कळीसारखी, नाजूक'. एखादी मुलगी घरातून नाहीशी झाली तर तिला पळवले की ती स्वतः गेली हे कळण्याआधीच बातमीदार तिच्या एकाकी रात्रींविषयी कवितेची ओळ लिहून निकाल देतो. कॅमेरा जे भिंगाने करतो ते बातमी विशेषणांनी करते.

लू शुन वाचकालाही सोडत नाहीत, आणि वाचक बाईलाही नाही. रुआनविषयी वाचणारी एखादी मनात म्हणते, तिच्याएवढी सुंदर मी नसेन, पण तिच्याहून मी सभ्य आहे. दुसरी म्हणते, तिच्याएवढी कला माझ्याजवळ नाही, पण माझे घराणे वरचे आहे. आणि ती गेल्यावरही कोणी म्हणते, तिच्याहून माझ्यात धीर आहे, कारण मी जीव दिला नाही. ही नजर फक्त पुरुषांच्या डोळ्यांत असते असे मानले तर 'शेननू'मधील कुजबुजणाऱ्या आयांचे स्पष्टीकरण देता येणार नाही. घडवली ती पुरुषांच्या सोयीने, पण वापरायला ती सर्वांना मिळते, आणि स्वतःला सुरक्षित समजण्यासाठी बायकाही ती वापरतात.

या साऱ्याचा अर्थ एका चित्रपटाने तिचा जीव घेतला असा मी लावत नाही. दोन पुरुष, एक फिर्याद, एक एकतर्फी कायदा, सूड उगवणारी वृत्तपत्रे आणि माफी मागून मोकळी झालेली कंपनी यांचे ते एकत्रित ओझे होते. तरी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पुरुषी नजरेवर टीका करणारा चित्रपट करायचा ठरला तेव्हा त्या टीकेचा मोबदला कोणी चुकवायचा हे आधीच ठरून गेले होते, कारण त्या साऱ्या उलाढालीत पाहिली जाणारी व्यक्ती एकच होती. लेखणी, कॅमेरा, करार आणि माफीनामा यांच्यावर सह्या करणारे हात दुसऱ्यांचे होते.

सत्तावन्न वर्षांनी

हाँगकाँगचे दिग्दर्शक स्टॅन्ली क्वान यांनी रुआनच्या आयुष्यावर चित्रपट केला. त्यातील भूमिकेसाठी मॅगी चुंग यांना १९९२ च्या बर्लिन महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. क्वान यांनी त्यात रुआनच्या उरलेल्या चित्रपटांचे तुकडे, नव्याने उभे केलेले प्रसंग आणि कलावंतांशी केलेल्या गप्पा एकमेकांत मिसळल्या. आरंभीच ते मॅगी चुंगना सांगतात की रुआनला सुरुवातीला फुलदाणीच्याच भूमिका मिळत. त्या हसून विचारतात, म्हणजे माझ्यासारखेच ना?

त्यातील एक प्रसंग या प्रकरणाच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा. 'नवी स्त्री'मधील रुग्णशय्येचे दृश्य चित्रित होत आहे. रुआन झालेल्या मॅगी चुंग 'मला जगायचे आहे' म्हणून आक्रोश करतात. दृश्य संपते, पण त्यांचे रडणे संपत नाही. त्या चादर तोंडावर ओढून घेतात आणि आत हुंदके देत राहतात. दिग्दर्शक त्साय यांची भूमिका करणारे टोनी ल्युंग का-फाय पलंगाशेजारी बसून राहतात, काही बोलत नाहीत. मग कॅमेरा हळूहळू मागे येतो. १९३५ चा कॅमेरा दिसतो, त्यामागे १९९१ चा कॅमेरा, दिवे, माणसे दिसतात, आणि क्वान यांचा आवाज ऐकू येतो : टोनी, चादर उचलून मॅगीकडे पाहायचे तू विसरलास. चादर तशीच राहते. तिच्याखालच्या बाईचा चेहरा आपल्याला दिसत नाही.